फुटामागं एक सूत

मंगळवार पेठ, कोल्हापूर
मंगळवार, ७ नोव्हेंबर १९७८

सयाजी,

थोरल्या भावानं धाकट्याला पत्र लिहिताना वर ‘चिरंजीव’ आणि ‘आशीर्वाद’ घालायचे असतात. या वेळी दोन्ही घातलेले नाहीत. विसरलेलो नाही. कार्ड सोडून आंतर्देशीय घेतलं तेही मुद्दाम. वारणानगरच्या पोस्टमनला आपल्या घरची शोभा वाचून दाखवायची माझी इच्छा नाही.

काल काय घडलं ते क्रमानं लिहितो, कारण तू उद्या ते चारचौघांत वेगळं सांगशील.

शनिवारी तू आलास आणि माझ्या उशाशी बसून म्हणालास, “दादा, मिरजंत एका डॉक्टरीणबाईस्नी पुस्तकांसाठी भिंतीतलं कपाट करून पायजे. साधा सुतार नको म्हनत्यात. मी सांगिटलं, माझा भाऊ फौंड्रीत पॅटर्न करतो, इंग्रजी ड्रॉइंग वाचतो, केसाचा फरक चालवून घेत न्हाई.” तू बरोबर जागी हात घातलास. मी चौथी पास. इंग्रजी मी एकट्यानं शिकलो, जुन्या बाजारात घेतलेल्या कोशावर. त्याला पहिली सोळा पानं नाहीत, म्हणून ‘ए’नं सुरू होणारे बरेच शब्द मला अजून येत नाहीत, बाकी सगळे येतात. ते तुला ठाऊक आहे, आणि माझी कुठली कळ दाबायची तेही. नऊ दिवसांनी दाढी केली. टेप घेतला, वही घेतली आणि सोमवारी तुझ्याबरोबर गाडीत बसलो.

मिरजेत बाईंच्या खोलीत मी शिडीवर उभा. कोनाडा उंचीला सहा फूट दोन इंच, रुंदीला तीन फूट सात इंच, आणि वर डाव्या अंगाला एक सूत कमी. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, हे साखर कारखान्यात फिटर असलेल्या माणसाला सांगावं लागू नये. बाई खाली खुर्चीत. विचारतात, “झोप लागते का?” मी म्हटलं, पहाटे तीनला जाग येते. “जेवण?” म्हटलं, बायको वाढते तेवढं पानात असतं. मला वाटलं, डॉक्टर आहेत, सवय असेल. आला-गेला पोस्टमनसुद्धा यांच्याकडे नाडी दाखवून जात असेल. मी तोंडात पेन्सिल धरून उत्तरं देतोय. मग म्हणाल्या, “पूर्वी ज्या कामात जीव रमायचा, त्यात आता रमतो का?”

मी खाली उतरलो. म्हटलं, “बाई, याचा आणि कपाटाचा काय संबंध?”

त्यांनी तुझ्याकडे बघितलं. तू तुझ्या चपलांकडे. त्या म्हणाल्या, “जोतीरामराव, कपाटाचं मला आत्ताच कळतंय.”

म्हणजे ‘भाऊ आपणहून दाखवायला येतोय, दिसेल ते मापत सुटतो’ असं त्यांनाही तू खोटंच सांगितलंस. दोन शहाण्या माणसांना एका खोलीत आणून दोघांचीही फजिती केलीस.

त्यांच्या टेबलावरच्या कागदावर उलटं लिहिलेलं मी वाचलं. डिप्रेशन. घरी येऊन कोशात बघितलं. खळगा, खोलगट जागा. हवेचा कमी दाब. व्यापारातली मंदी. मनाची खिन्नता चौथ्या नंबरवर आहे. खळगा म्हणजे काय हे मला कुणी शिकवू नये. वाळू नीट ठोकली नाही की ओतीव लोखंडाला खळगा पडतो, आणि तो दोष साचा भरणाऱ्या मोल्डरचा असतो. ज्याभोवती वाळू ठोकतात तो लाकडी पॅटर्न करणाऱ्याचा नसतो.

गणपतीपासून मी कामावर गेलेलो नाही ते आराम करायला. सव्वीस वर्षांत एक रजा न घेतलेल्या माणसाला आराम करायचा हक्क आहे.

आणि तुझ्या वहिनीनं, विमलनं, तुला कळवलं म्हणे की मी माझ्या पटाश्या मीरासाबला देऊन टाकल्या. हो, दिल्या. अकरा पटाश्या. पडून राहिल्या की गंज चढतो. मीरासाब मोल्डर आहे, वाळूत काम करणाऱ्याला लाकूड कोरायच्या पटाश्या कशाला, असं तू गाडीत मला दोनदा विचारलंस. तो माझा आणि त्याचा प्रश्न आहे.

मी बोलावल्याशिवाय या घराची पायरी चढू नकोस. कपाट मात्र होईल. माप घेतलं म्हणजे शब्द दिला.

जोतीराम


कोल्हापूर
मंगळवार, १९ डिसेंबर १९७८

सयाजी,

तुझं माफीचं पत्र मिळालं. त्यात ‘चुक’ हा शब्द चार वेळा आहे आणि चारही वेळा चुकीचा लिहिला आहे. त्यातला उकार दीर्घ.

मी दर सोमवारी मिरजेला जातो. फौंड्रीला सोमवारी सुट्टी असते, म्हणून सवयीनं तोच वार धरला. इतर वारीही मला सुट्टीच आहे, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणतो. कपाटासाठी जातो. बाईंनी पहिल्यांदा सांगितलं, कपाट नको. मी म्हटलं, माप घेतलंय. त्यांनी सांगितलं, मग माझीही एक अट. कपाटाचं काम करा, पण तो एक तास माझ्याशी बोलायचं. मी म्हटलं, बोलून आजार बरा होत असता तर कोल्हापुरात दवाखाने चालले नसते, इथं कोण गप्प असतं? त्या हसल्या. मला ते आवडलं नाही.

त्यांना वाटत होतं मी खुर्चीत बसून बोलावं. माझे हात थांबले की तोंड थांबतं. तेव्हा मी फळीला पॉलिश पेपर मारतो आणि त्या बोलतात. बंगलोरला शिकून आल्यात. नाव नंदिनी. वयानं माझ्या लेकीसारख्या, म्हणजे लेक असती तर.

परवा म्हणाल्या, “ताप मोजता येतो. हे थर्मामीटरला लागत नाही, म्हणून लोक याला आळस म्हणतात. नाटक म्हणतात. तुम्हीसुद्धा म्हणता.”

“मी आळशी नाही.”

“मी कुठं म्हटलं? मग दोन महिने अंथरुणावर का होतात?”

त्यावर मी पॉलिश पेपर बदलला.

गोळ्याही दिल्यात. तोंड कोरडं पडतं. गुण यायला तीन आठवडे लागतील असं सांगितलं होतं, पंचवीस दिवस लागले. आता जाग तीनऐवजी साडेचारला येते. तो दीड तास मी मान्य करतो, त्यापुढं काही मान्य करत नाही. गोळीनं झोप येते, पण जागेपणी माणूस स्वतःशी काय बोलतो ते बदलायला बसून बोलावं लागतं, असं बाईंचं म्हणणं. विमलला मी हे सांगितलं तर ती भाकरी थापता थापता म्हणाली, “धोंड्यासंगं बोलायचा ती बाई पगार घेती. मी वीस वर्सं फुकटच बोलतोय की.” मग तव्याकडे बघतच म्हणाली, “बोला पर. तिच्यासंगं तर तिच्यासंगं.” मी उलट बोलायच्या ऐवजी पुढची भाकरी मागून घेतली.

आता तुला हसायला एक गोष्ट सांगतो. कपाटाला खाचा मारायच्या आणि घरात एक पटाशी नाही. नव्या घेतल्या तर धार बसवण्यात महिना जातो. शेवटी मीरासाबकडे गेलो. आपल्याच पटाश्या उसन्या मागायला. त्यानं ट्रंक उघडली. अकराच्या अकरा तेलाच्या फडक्यात गुंडाळलेल्या. एकीलाही हात लावलेला नव्हता.

“घ्या मिस्त्री,” म्हणाला. “तुमचंच सामान हाय. मी नुसतं सांबाळलंय.”

चहा घ्या म्हणाला. मी घेतला नाही. त्याच्या नखांत साच्याची ओली वाळू नव्हती, नुसता कोरडा धुरळा होता. का, ते विचारू नकोस.

येऊ नकोस अजून.

जोतीराम


कोल्हापूर
मंगळवार, ३० जानेवारी १९७९

सयाजी,

हे पत्र विमलला वाचून दाखवलेलं नाही. तूही तुझ्या घरी दाखवू नकोस.

बाईंनी मला वही लिहायला लावली. तीन रकाने. घडलं काय, मनात आलं काय, पुरावा काय. रकाने त्यांनी हातानं आखले होते, वाकडे. मी घरी येऊन लाल शाईनं परत आखले. पहिली नोंद अशी: दूध उतू गेलं. मी कुचकामी आहे. पुरावा, दूध उतू गेलं. बाईंनी वाचलं आणि विचारलं, “दूध तापत कुणी ठेवलं होतं?” म्हटलं, विमलनं. “तुम्ही कुठं होतात?” म्हटलं, अंघोळीला. त्यांनी वही मला परत दिली. मला इतका संताप आला की मी त्या दिवशी स्क्रू न लावताच निघून आलो. पण पुढं पाच दिवस मी लिहिलं, आणि पाच दिवसांत बावीस ठिकाणी तेच निघालं. घडतं कुठंतरी, निकाल माझ्यावर. तपास नाही, साक्ष नाही.

आता आषाढातलं लिहितो. तुला कुणी सांगितलं नसणार, कारण सांगणारा मी एकटाच होतो.

पॅटर्न करणाऱ्याकडे दोन पट्ट्या असतात. एक साधी. दुसरी दिसायला तशीच, पण तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत मोठा. वितळलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून लाकडाचा पॅटर्न तेवढा वाढीव करायचा असतो. या मोठ्या पट्टीनं फक्त लाकूड मापायचं. तयार लोखंड तिनं कधी मापायचं नाही. माझ्या मोठ्या पट्टीवर टोकाला लाल ठिपका आहे. तो मीच दिला, चुकू नये म्हणून.

त्या दिवशी इंजिनाच्या पायाचे चाळीस नग ओतून आले होते. मीरासाबनं साचे भरलेले. मी तपासायला गेलो. पहिला नग दोन फुटांना दोन सूत कमी. दुसरा तसाच. चाळीसच्या चाळीस. एकोणीस माणसांसमोर मी मीरासाबला म्हणालो, “तुझ्या हातातली अक्कल गेली. पोटासाठी दुसरं काहीतरी बघ.” पंचवीस वर्षं आम्ही एका डब्यातलं खाल्लंय. तो एवढंच म्हणाला, “मिस्त्री, येकदा परत मापा.” मी म्हणालो, “मी मापलेलं परत मापत नसतो.”

नग घणानं फोडले आणि परत भट्टीत घातले. चौथ्या दिवशी नवं लाकूड मापायला म्हणून मोठ्या पट्टीच्या खिळ्यावरून पट्टी घेतली. तिच्यावर ठिपका नव्हता. ठिपक्याची पट्टी माझ्या कोटाच्या खिशात होती, चार दिवस.

चाळीसही नग चोख होते.

मी कुणाला सांगितलं नाही. मालक हंबीररावांनी मीरासाबला साच्यांवरून काढून वाळू चाळायला लावलं. गावातला पहिल्या नंबरचा मोल्डर चाळणी घेऊन उभा. मी रोज त्याच्यासमोरून जात होतो. गणपतीपर्यंत गेलो. मग जाणं झालं नाही. पाय उचलेना, असं सरळ लिहितो आता. आराम नव्हता तो. अंगावर कुणी ओलं पोतं टाकून ठेवावं तसं होतं. विमल बोलायची ते ऐकू यायचं, पण मला उद्देशून आहे असं वाटायचं नाही.

पटाश्या मीरासाबला का दिल्या ते तू विचारलं होतंस. त्याचं मी देणं लागत होतो, हे एक. दुसरं, मला त्या परत लागणार नव्हत्या. मी तसं ठरवलं होतं. यापुढचं लिहीत नाही, तू ते तेव्हाच ओळखलंस. ज्या माणसानं पटाशीला कुणाला बोट लावू दिलं नाही तो अकराच्या अकरा वाटून टाकतो, याचा अर्थ माझ्या घरात तुला सोडून कुणाला लागला नाही. खुद्द मलाही फारसा लागला नव्हता.

हे सगळं मी बाईंना सांगितलं. रडलो नाही. शेल्फ घट्ट बसत नव्हतं, ते तीनदा काढून घातलं. म्हटलं, या चुकीनं मी आजारी पडलो. त्यांनी विचारलं, “चुकीच्या आधी झोप कधीपासून नव्हती?” मी मोजलं. चैत्रापासून. जेवण? तेही. “म्हणजे आजार आधी, चूक नंतर,” म्हणाल्या. सव्वीस वर्षांत पट्टी चुकली नाही ती त्याच वर्षी का चुकली, हा प्रश्न मला पडायला पाहिजे होता. पडला नाही.

मग त्यांनी विचारलं, “त्या मोठ्या पट्टीनं चांगला माल मापला तर काय होतं?”

“फुटामागं एक सूत कमी भरतो.”

“कुठला नग?”

“कुठलाही.”

“उत्तम असला तरी?”

“बाई, उत्तम असला तरी.”

मग त्यांनी पुढच्या सोमवारची वेळ लिहून दिली. उलगडून सांगायला पाहिजे होतं, म्हणजे मला चिडता आलं असतं. गाडीनं जयसिंगपूर सोडलं तेव्हा मला कळलं की त्या लोखंडाबद्दल विचारत नव्हत्या. ठिपक्याची पट्टी मी अजून खिशातून काढलेलीच नाही. तिनं मी उठल्यापासून झोपेपर्यंत स्वतःला मापतोय आणि रोज कमी भरतोय. डब्यात समोर एक शेंगदाणेवाली बसली होती, तिनं विचारलं, “पावणं, काय दुखतंय काय?” मी तिच्यावर खेकसलो.

पुढच्या सोमवारी मी बाईंना म्हटलं, ठीक आहे, पण मीरासाबला जे बोललो ते कुठल्याही पट्टीनं मापलं तरी चूकच भरतं. मला वाटलं, त्या समजूत काढतील. म्हणाल्या, “बरोबर आहे. ते आजारात धरू नका. ते राहिलेलं काम आहे.”

अशी बाई मी पाहिली नाही.

जोतीराम


कोल्हापूर
मंगळवार, २० मार्च १९७९

सयाजी,

राहिलेलं काम केलं. पंधरा दिवस झाले. तुला लगेच लिहिलं नाही, कारण त्या प्रकारानं माझं डोकं फिरलं होतं आणि अजून पुरतं जागेवर आलेलं नाही.

जे एकोणीस माणसांसमोर बोललो ते एकोणीस माणसांसमोरच परत घ्यायला पाहिजे, हा माझा हिशेब. जेवणाच्या सुट्टीत गेलो. दोघं रजेवर होते, म्हणून दुसऱ्या दिवशी परत गेलो. हंबीररावांनाही बोलावून घेतलं. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवल्या आणि म्हणालो, नग चोख होते, पट्टी चुकली, पट्टी माझ्या हातात होती. सात महिने मी ते दाबून ठेवलं.

मीरासाब डब्याचं झाकण लावत होता.

“मला म्हाईत होतं की,” म्हणाला.

“काय माहीत होतं?”

“लाल ठिपका. तुमी मापत हुता तवाच दिसला.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोललो की. परत मापा म्हटलं. तुमी मापतासा व्हय?”

“नंतर सांगायचं होतंस. मालकांना सांगायचं होतंस. सात महिने चाळणी मारलीस तू.”

त्यानं हात पुसले. म्हणाला, “मिस्त्री, पाडव्यापासनं तुमचं डोळं बगत हुतो मी. मानूस आत न्हवता. त्या डोळ्यांस्नी आनि येक चूक दाकवली असती तर तुमी कुटं गेला असता, काय सांगावं. चाळनी काय, आज हाय, उद्या न्हाय.”

मी पेटलो. म्हणालो, “म्हणजे माझ्यावर दया केलीस?”

“दया कसली घेऊन बसलाय,” म्हणाला. “तुमी गेला तर पॅटर्न कोन करनार? ह्यो?” आणि त्यानं हंबीररावांकडे बोट केलं. मालकाकडे. सगळी फौंड्री हसली, मालकही हसले. मी हसलो नाही. मी बाहेर जाऊन नळाखाली डोकं धरलं.

मीरासाब साच्यांवर परत आलाय. मी आठवड्यातले चार दिवस जातो. पण राग हा आहे, सयाजी, की सगळ्यांना ठाऊक होतं. मीरासाबला, विमलला, तुला. प्रत्येकानं आपापल्या परीनं मला काचेच्या भांड्यासारखं धरलं आणि एकानं तोंडावर सांगितलं नाही की जोत्या, तू आजारी आहेस. बाईंना मी हे म्हणालो. त्या म्हणाल्या, “सांगितलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?” मी खरं उत्तर दिलं. म्हटलं, हाकलून दिलं असतं.

कपाट पूर्ण झालं. बाई आता महिन्यातून एकदा बोलावतात. मी विचारलं, बरा झालो का? लेखी द्या. त्या म्हणाल्या, लेखी देता येत नाही, हे परत येऊ शकतं. मी म्हटलं, मग तुमचं काम अर्धवट आहे. म्हणाल्या, “परत आलं तर तुम्हाला ओळखता येईल, हे माझं काम. आणि त्या वेळी तुमच्याजवळ कोण असेल, हे तुमचं काम.”

गेल्या आठवड्यात आलं होतं. तीन दिवस. उठलो नाही. वहीसुद्धा लिहिली नाही. चौथ्या दिवशी उठलो, का उठलो ते ठाऊक नाही. तेव्हापासून बाईंच्या त्या वाक्यावर विचार करतोय, आणि त्याचं उत्तर म्हणून हे पत्र आहे.

तू खोटं बोललास त्याचा राग आहे, आणि राहील. तू आला नसतास तर काय झालं असतं, तेही मला ठाऊक आहे. या दोन गोष्टी माझ्यात एकत्र राहतात आणि भांडतात, त्यांना भांडू दे. पण पुढच्या वेळेसाठी नीट लिहून ठेवतो. विमल तुला कळवेल. तिला तसं मी सांगितलंय, ती हो म्हणाली. तिचं पत्र आलं की पहिली एसटी धरायची. रजा मिळेना, ऊस गाळप चालू आहे, असलं मला सांगायचं नाही. आल्यावर कपाट, लग्न, नवस, कसलीही थाप मारायची नाही. सरळ समोर उभं राहून म्हणायचं, “दादा, तुला बरं नाही. चल.”

मी शिव्या देईन. आईवरून देईन, ती आपली दोघांची एकच होती हे त्या वेळी माझ्या लक्षात राहणार नाही. लहानपणी तुला मी खांद्यावर घेऊन फिरलो तेही काढीन. धाकटा आहेस, अक्कल शिकवू नकोस, म्हणेन. घरातून बाहेर हो, म्हणेन.

होऊ नकोस.

जोतीराम